सीईटी, जेईई, नीट: खेड्यातल्या पोरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमी येणारे प्रश्न

बारावी सायन्सची पोरं-पोरी, त्यांचे बाबा, शिकलेली मोठी बहीण, कधी शेजारचे काका, हे लोक फोनवर जे विचारत राहतात ते सगळं इथे एका ठिकाणी लिहिलं आहे. बहुतेक प्रश्न यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली इकडच्या खेड्यातले आहेत. मी तालुक्याला अभ्यासिका चालवतो आणि जून-जुलैत पोरांचे फॉर्म भरून देतो, त्यात दरवर्षी एकच दिसतं. आपल्याकडच्या पोराची सीट डोक्यापायी कमी जाते, कागदापायी अन् तारखेपायी जास्त जाते. म्हणून अभ्यासाइतकंच खाली कागदाबद्दलही लिहिलं आहे, कंटाळा न करता वाचा.

१. भाऊ, सीईटी, जेईई, नीट यात फरक काय? मी नेमकी कोणती द्यू?

कुठे जायचं ते आधी ठरव, मग परीक्षा आपोआप ठरते. महाराष्ट्रातल्या कॉलेजात इंजिनीअरिंग, बी.फार्म किंवा बीएस्सी ॲग्री करायचं असेल तर एमएचटी-सीईटी, ती राज्याचा सीईटी सेल घेतो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यासाठी नीट, दुसरा रस्ता नाही. नागपूरचं व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी अशा केंद्राच्या कॉलेजात जायचं असेल तर जेईई मेन, आणि आयआयटीसाठी त्याच्यावर जेईई ॲडव्हान्स्ड. डी.फार्मला सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कावर होतं. दहावीनंतरच्या पॉलिटेक्निकलाही लागत नाही.

२. सीईटीचा पेपर कसा असतो?

कम्प्युटरवर असतो. पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुपला आधी फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५० प्रश्न, एकेक मार्काचे, त्याला मिळून ९० मिनिटं. मग मॅथ्सचे ५० प्रश्न, दोन-दोन मार्काचे, त्याला वेगळी ९० मिनिटं. एकूण २०० मार्क. पीसीबी ग्रुपला मॅथ्सच्या जागी बायोलॉजीचे १०० प्रश्न, एकेक मार्काचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात.

वेळेचा हिशोब नीट समजून घे. फिजिक्स-केमिस्ट्रीला एका प्रश्नाला एक मिनिटही येत नाही, ५४ सेकंद येतात. मॅथ्सला पावणेदोन मिनिटाच्या वर मिळतं. आणि पहिला भाग लवकर संपला म्हणून मॅथ्स लवकर उघडत नाही, मॅथ्स सुरू झाल्यावर मागे फिजिक्सकडेही येता येत नाही. घरी सराव करताना घड्याळ लावून असंच दोन तुकड्यात कर. २०२६ च्या प्रवेशापासून पीसीएम-पीसीबीची सीईटी वर्षातून दोनदा ठेवली आहे, दुसरी ऐच्छिक असते आणि दोन्हीतला चांगला स्कोअर धरतात.

३. सगळे म्हणतात जेईई-नीटचा अभ्यास कर, सीईटी त्यातच होऊन जाते. खरं आहे का?

अर्धं खरं आहे आणि या अर्ध्या खऱ्यापायीच लय पोरं मागे पडतात. सीईटीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की पीसीएमची काठीण्यपातळी जेईई मेनसारखी आणि बायोलॉजीची नीटसारखी, पण प्रश्न येतात राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर. म्हणजे बालभारतीचं पुस्तक. ज्या पोराने बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाचलं, आतली सोडवलेली उदाहरणं वही झाकून स्वतः सोडवली, धड्यामागचा स्वाध्याय पूर्ण केला, त्याला सीईटीत ओळखीचे प्रश्न भेटतात. आणि ज्याने दोन वर्षं फक्त जाड जाड गाईड अन् मोठ्या क्लासची मॉड्यूलं चाळली त्याचं धड ना इकडे होतं ना तिकडे.

माझं स्पष्ट मत आहे, खेड्यातल्या सर्वसाधारण पोराने बोर्ड आणि सीईटी हे मुख्य धरावं. एकाच पुस्तकात दोन्ही होतं. त्यातून दम उरला, मॅथ्स-फिजिक्स आवडतं, तर जेईई मेन जरूर द्यावी, ती जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते. नीटवाल्यांचं वेगळं आहे, त्यांनी एनसीईआरटी सोडूच नये.

अकरावी कोणी फारशी मनावर घेत नाही. पण फिजिक्सचं मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, ऑप्टिक्स आणि मॅथ्सचं स्ट्रेट लाईन, सर्कल, प्रोबॅबिलिटी हे धडे सीईटीत आहेत. अकरावीचा पूर्ण अभ्यासक्रम नसतो, निवडक धडे असतात, ती यादी सीईटी सेलच्या वेबसाईटवर असते. ती प्रिंट काढून भिंतीला चिटकव.

४. शिकवणीसाठी नागपूर, अकोला नाहीतर लातूरला पाठवावंच लागते का? आमची पाच एकर कोरडवाहू आहे.

काका, पाठवावंच लागतं असं नाही. फी, खोलीचं भाडं, मेस हे धरलं तर एका कापसाच्या हंगामात बसणारा खर्च नाही हा, आणि त्यासाठी वावर गहाण टाकू नका ही हात जोडून विनंती.

पोरगं ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी असेल तर महाज्योतीची योजना आधी पाहा. महाज्योतीचं मुख्यालय नागपूरलाच आहे. दहावी झाल्यावर अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतलेल्या पोरांना एमएचटी-सीईटी, जेईई, नीटचं ऑनलाईन कोचिंग फुकट, वरून टॅब आणि इंटरनेट डेटा. अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतो आणि नॉन क्रिमीलेयर लागतं, म्हणून दहावीच्या सुट्टीतच कागद काढून ठेवा. एससी असाल तर बार्टी, मराठा-कुणबी असाल तर सारथी, या संस्थांच्या जाहिराती त्यांच्या वेबसाईटवर पाहत राहा.

शिकवणी लावायचीच असेल तर तालुक्यातले मॅथ्सचे एखादे चांगले सर पकडा. मॅथ्स एकट्याने अडते, बाकी वाचून होतं.

५. माझी दहावी मराठी मीडियमची आहे. पेपर मराठीतून देऊ का इंग्रजीतून?

सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून देता येते, मॅथ्स मात्र फक्त इंग्रजीतच असतो. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. जेईई ॲडव्हान्स्ड इंग्रजी किंवा हिंदीतच.

आता खरा प्रश्न. अकरावी-बारावी तू कोणत्या भाषेत शिकतो? आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजात सायन्सची पुस्तकं इंग्रजी असतात आणि सर समजावतात मराठीत. दोन वर्षं इंग्रजी पुस्तक वाचून ऐन परीक्षेत मराठी निवडलं तर जडत्व आघूर्ण, विद्युत अपघटन असे शब्द समोर येतात आणि पोरगं तिथेच अडकतं. म्हणून ज्या भाषेचं पुस्तक वाचलं त्याच भाषेत पेपर दे. अकरावीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यात इंग्रजी जड जाते, रडू पण येते, पण रोजचे दहा-बारा शब्द वहीत उतरवत गेलं तर दिवाळीपर्यंत पुस्तक अंगवळणी पडतं. हे मी दरवर्षी पाहतो. नीटची मराठी पुस्तिका घेतली तर त्यात इंग्रजी पण छापलेलं असतं आणि दोन्हीत फरक दिसला तर इंग्रजीच खरं धरतात, हे लक्षात ठेव.

६. सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी, मग तूर. अभ्यासाले वेळ कवा भेटते?

ऑक्टोबर ते जानेवारी आपल्याकडे घरातल्या प्रत्येक हाताची गरज पडते, हे नाकारून उपयोग नाही. घरच्यांशी आधीच बोलून घ्या, सोयाबीन निघेपर्यंत सुट्टीच्या दिवशी वावरात येईन पण सकाळचे दोन तास माझे. पहाटे पाच ते सात मॅथ्स. रात्री ओलिताची पाळी आली तर त्या दिवशी अभ्यास होत नाही, तो दिवस सोडून द्या अन् दुसऱ्या दिवशी भरून काढायचा हट्ट करू नका, झोप पूर्ण करा.

वेचणी करताना डोकं मोकळं असतं. केमिस्ट्रीच्या रिॲक्शन, बायोलॉजीची नावं स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकत राहिली तर लय पाठ होतं. बारावीची लेखी संपल्यावर सीईटीपर्यंत जे दिवस मिळतात तेव्हा तूर-हरभरा निघालेला असतो, ते दिवस मात्र पूर्ण पोराचे आहेत. मायबापांनो, लग्नसराई असली तरी त्याला वरातीत नेऊ नका.

७. मी कम्प्युटर कधी हाताळला नाही, परीक्षा कशी देऊ?

टायपिंग लागत नाही, माऊसने पर्याय निवडायचा, एवढंच असतं. जेईई मेनच्या नंबरवाल्या प्रश्नात आकडे टाकायला स्क्रीनवरच कीपॅड असतो. तरी पण पहिल्यांदा माऊस हातात धरलेलं पोरगं दहा मिनिटं तिथेच घालवतं. तालुक्यातल्या कोणत्याही कम्प्युटर क्लासवर चार-पाच वेळा जाऊन मॉक टेस्ट दे, सीईटी सेलच्या आणि एनटीएच्या (जेईई मेन-नीट घेणारी केंद्राची संस्था) वेबसाईटवर फुकट आहेत. पर्याय निवडल्यावर सेव्ह अँड नेक्स्ट दाबायची सवय कर, नुसता गोल रंगवून पुढे गेलं तर उत्तर सेव्ह होत नाही.

मोबाईलवर दिलेली टेस्ट सरावाला ठीक, पण कागदावर आकडेमोड आणि समोर उभी स्क्रीन, मान वर-खाली, याचीही सवय लागते. कॅल्क्युलेटर चालत नाही.

८. पर्सेंटाईल म्हणजे टक्केच ना? मले ८५ पडले म्हणजे १७० मार्क का?

नाही. ८५ पर्सेंटाईल म्हणजे तुझ्या शिफ्टमध्ये बसलेल्या १०० पैकी ८५ जणांचा स्कोअर तुझ्याइतका किंवा तुझ्यापेक्षा कमी आहे. मार्क किती पडले याच्याशी सरळ संबंध नाही. परीक्षा अनेक दिवस अनेक शिफ्टमध्ये होते, कोणाला सोपा पेपर येतो, कोणाला कठीण, म्हणून असं मोजतात. कठीण पेपर सगळ्यांनाच कठीण गेला असतो, त्यात कमी मार्कावर पण पर्सेंटाईल चांगला येतो. त्यामुळे पेपर देऊन आल्यावर मित्राला तुझे किती सुटले विचारत बसू नको, त्यातून फक्त झोप उडते.

९. निगेटिव्ह नाही तर सगळे प्रश्न सोडवायचे का?

सीईटीत हो, एकही कोरा सोडू नको. प्रत्येक भागाची शेवटची तीन मिनिटं राखून ठेव आणि राहिलेल्या प्रश्नात काही ना काही निवडून ये. नीट आणि जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ आहे, तिथे चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळलं तरच हात घाल. जेईईच्या नंबरवाल्या प्रश्नालाही उणे १ आहे, लोक विसरतात. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, तीन तास, आणि ती पेनाने ओएमआर शीटवर असते. एकदा रंगवलेला गोल खोडता येत नाही.

१०. कोणते कागद लागतात आणि ते कधी काढायचे?

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा. मे-जूनमध्ये सेतू केंद्रावर अख्ख्या तालुक्याची रांग असते, सर्व्हर बसतो, तलाठी दुसऱ्या गावाच्या चार्जवर असतो, आणि तिकडे फॉर्मची तारीख चाललेली असते.

डोमिसाईल म्हणजे वय, राष्ट्रीयत्व, अधिवासाचा दाखला एकदाच लागतो, तो आधी काढा. जातीचा दाखला पण एकदाच. उत्पन्नाचा दाखला दरवर्षीचा, तो एप्रिलनंतर नव्या वर्षाचा काढा. जात वैधता सगळ्यात वेळखाऊ आहे, त्याबद्दल प्रश्न ११ पाहा. नॉन क्रिमीलेयरचं प्रश्न १२ मध्ये, ईडब्ल्यूएसचं (ओपनमधल्या आर्थिक दुर्बलांचा दाखला) १३ मध्ये. दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, आधार, बँक पासबुक हे तर आहेच.

सगळ्याचे मोबाईलने फोटो काढून ठेवणं पुरेसं नाही. नीट स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर टाका आणि ईमेलचा पासवर्ड वहीत लिहा. कॅफेवाल्याच्या ईमेलवर अन् कॅफेवाल्याच्या मोबाईल नंबरवर फॉर्म भरू देऊ नका, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि ॲडमिशनच्या राऊंडच्या दिवशी त्याचं दुकान बंद असतं.

११. जात वैधता काढली नाही तर काय होते? कागद कोणता शोधायचा?

राखीव सीटवर ॲडमिशन मिळायला आणि टिकायला वैधता लागते. अर्ज केल्याच्या पावतीवर काही काळाची सवलत शासन अनेकदा देतं, पण त्या भरवशावर राहू नये, मुदत संपली की सीट जाते किंवा ओपनची फी भरावी लागते. सायन्सच्या पोरांनी अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा समितीकडे ऑनलाईन अर्ज करावा. एसटीची समिती वेगळी असते, तिला वेळ जास्त लागतो.

जुना पुरावा हीच खरी अडचण. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तातल्या माणसाचा जात लिहिलेला कागद लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. आजोबा शाळेतच गेले नसतील, आपल्याकडे हे लय होतं, तर तहसीलच्या रेकॉर्डरूममधून कोतवाल बुकाची नक्कल मागा, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. काकाच्या किंवा चुलतभावाच्या नावाची वैधता आधीच निघाली असेल तर ती आणि वंशावळ जोडा, काम लय सोपं होतं. घरात बोलाचाली बंद असेल तरी एका कागदासाठी काकाच्या दारात जा, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

१२. नॉन क्रिमीलेयरला ८ लाख उत्पन्न म्हणतात. शेतीचं उत्पन्न धरतात का?

नॉन क्रिमीलेयरच्या ८ लाखात शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न मोजत नाहीत, आईवडिलांचं पद कोणतं ते मात्र पाहतात. स्कॉलरशिपसाठी जो उत्पन्नाचा दाखला लागतो त्यात सगळं उत्पन्न येतं, हे दोन वेगळे आहेत, मिसळू नका. एससी-एसटीला नॉन क्रिमीलेयर लागत नाही. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी (मराठा) यांना लागतं. आणि ते प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारं असलं पाहिजे, मागच्या वर्षीच्या दाखल्यावर तारीख संपली असेल तर फॉर्म ओपनमध्ये जातो.

१३. राज्यात मी एनटी आहे, जेईईच्या फॉर्ममध्ये एनटी दिसतच नाही. आणि ईडब्ल्यूएसचा दाखला एकच चालतो का?

केंद्राच्या परीक्षांना व्हीजे-एनटी असा प्रवर्ग नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे ओबीसी-एनसीएल (म्हणजे नॉन क्रिमीलेयर) भरायचं आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात काढायचा. काही जाती राज्याच्या यादीत आहेत पण केंद्राच्या नाहीत, फॉर्म भरण्याआधी यादीत स्वतःच्या डोळ्याने पाहा. एसईबीसी फक्त राज्यात चालतं, केंद्रात तो विद्यार्थी जनरल किंवा अटीत बसला तर ईडब्ल्यूएस.

ईडब्ल्यूएसचे नमुने दोन आहेत. राज्याच्या दाखल्याला ८ लाखाची उत्पन्नाची अट आहे. केंद्राच्या दाखल्याला त्यासोबत मालमत्तेची पण अट आहे, पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असलेलं कुटुंब बसत नाही. म्हणजे सहा एकर कोरडवाहूवाल्या कास्तकाराचं पोरगं सीईटीत ईडब्ल्यूएस होऊ शकतं आणि जेईई-नीटच्या केंद्रीय कोट्यात होत नाही. पटत नाही, पण नियम असा आहे.

१४. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. चालते का?

फॉर्म दहावीच्या मार्कशीटप्रमाणे भरा. नावाचा क्रम वेगळा असेल तर सहसा अडत नाही, स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं. वडिलांच्या नावात एकीकडे राव लागलेला अन् दुसरीकडे नाही, एवढ्यानेही ऑनलाईन पडताळणी फसते. आधार दुरुस्ती बारावीच्या सुरुवातीलाच करून घ्या. आधारला लागलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते पण तेव्हाच पाहा, बाबांचं जुनं सिम रिचार्जविना बंद पडलेलं असतं.

१५. सेंटर लांब आलं, सकाळची शिफ्ट आहे. काय करू?

सीईटीच्या सकाळच्या शिफ्टला साडेसातला पोहोचायचं असतं, पेपर नऊला. दुपारच्या शिफ्टला साडेबाराला, पेपर दोनला. गावातून पहिली एसटी सहाला निघत असेल तर सकाळच्या शिफ्टसाठी आदल्या दिवशीच जा, नातेवाईकाकडे किंवा धर्मशाळेत थांबा. मुक्कामाच्या दिवशी संध्याकाळी सेंटर पाहून या, बरीच सेंटरं गावाबाहेर हायवेवरच्या कॉलेजात असतात आणि तिथे सकाळी ऑटो मिळत नाही.

ऊन हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. एप्रिल-मे मध्ये अकोला, चंद्रपूर, नागपूरला पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारच्या शिफ्टच्या पोराला गेटवर रांगेत उभं राहून ऊन लागतं. दुपट्टा, पाण्याची बाटली, घरून कांदा-भाकर किंवा दहीभात, बाहेरचं तेलकट खाऊ नका. सोबत हॉल तिकिटाची प्रिंट, आधार मूळ, फोटो, साधा पेन. मोबाईल आणि घड्याळ सोबतच्या माणसाकडे द्या. नीटला गेट दीडला बंद होतं, मग कोणी कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. नीटला अर्ध्या बाहीचे हलके कपडे आणि चप्पल घाला, बूट नको. पोरींनी कानातलं, नथ, बांगड्या घरीच काढून याव्या.

१६. पीसीएम आणि पीसीबी दोन्ही देता येते का?

बारावीला मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही असतील तर देता येते, पेपर वेगळ्या दिवशी, स्कोअर वेगळा. बी.फार्मसाठी कोणताही एक ग्रुप चालतो, इंजिनीअरिंगला पीसीएमच. फी दोन्हीची लागते. मला विचाराल तर दोन्हीचा अभ्यास एकसारखा झेपणारी पोरं फार थोडी, आवड पाहून एकच धरा.

१७. कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म कसा भरू? आवडीचं वर का, मिळेल ते वर?

कॅप म्हणजे सीईटीनंतर राज्य जे एकत्र प्रवेश देतं ते, आणि ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेजांची क्रमाने यादी. त्यात आवडीचं वर. संगणक वरून खाली पाहत येतो, वरचं नाही मिळालं तरच खालचं देतो, त्यामुळे वर मोठं नाव टाकल्याने खालचं हातचं जात नाही. पण २०२५-२६ च्या इंजिनीअरिंग प्रवेशात नियम असा होता की पहिल्या राऊंडला पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी लागला तरी तसंच, आणि चौथा राऊंड शेवटचा. म्हणून वरच्या सहात असं एकही कॉलेज टाकू नका जिथे तुम्हाला खरंच जायचं नाही. तुमच्या वर्षीचा नियम माहितीपुस्तिकेत वाचून घ्या.

मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली की जीओपीईएनएच, एलओबीसीओ असे शब्द दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची सीट. मधलं प्रवर्गाचं. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, त्याच विद्यापीठाच्या भागातल्या पोरांची, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठवाल्यांची, एस म्हणजे राज्यभराची. नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीचं गोंडवाना ही आपल्या भागातली विद्यापीठं वेगवेगळी धरतात, तेव्हा यवतमाळच्या पोराने नागपूरच्या कॉलेजचा कटऑफ ओ मध्ये पाहायचा.

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी १९६४ पासूनचं आहे, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळला पण शासकीय आहे, शेगावचं संत गजानन महाराज कॉलेज आहे, केमिकलसाठी नागपूरचं एलआयटी. एवढं जवळ असताना नुसतं पुणं पुणं करू नका, तिथला राहण्याचा खर्च वेगळा.

१८. मुलीची फी माफ आहे म्हणतात, खरं का? मुलाला काय मिळते?

खरं आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ॲडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला लागू नाही. वसतिगृह, मेस, डिपॉझिट यात येत नाही. म्हणून बाबांनो, पोरगी हुशार असेल तर तिचं लग्न आधी अन् शिक्षण मग असं करू नका, सरकारने दार उघडलं आहे.

मुलांना त्याच उत्पन्नात राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून अर्धी फी, आणि राहण्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. एससीला स्वाधार, एसटीला स्वयंम. यातल्या बहुतेकांचे अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर. टीएफडब्ल्यूएस नावाच्या ५ टक्के जादा सीट पण असतात, तिथे शिकवणी फी लागत नाही, कोणत्याही जातीला चालते, फक्त कटऑफ वर जातो. ऑप्शन फॉर्ममध्ये तिचा कोड वेगळा असतो, शेवटी टी लागलेला, तो वेगळा टाकावा लागतो.

१९. ॲग्रीला सातबाराचे मार्क भेटतात का?

बीएस्सी ॲग्रीच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबाला वेटेज असतं, त्यासाठी सातबारा आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. नुसती सीईटी देऊन होत नाही, निकालानंतर ॲग्रीचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, हे न कळल्याने चांगला स्कोअर असलेली पोरं घरी बसतात. आपल्या भागाचं विद्यापीठ अकोल्याचं, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ.

२०. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना काही आहे का?

आहे ना. पाच वर्षाच्या लॉ ची सीईटी कोणत्याही शाखेला देता येते, आणि ती मराठीतून पण देता येते. बीबीए, बीसीएला २०२४ पासून सीईटी आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी.

२१. सीईटीत चांगला स्कोअर आला पण बारावीत कमी पडले. ॲडमिशन होते का?

इंजिनीअरिंग आणि बी.फार्मला संबंधित विषयात ओपनला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीवला ४० टक्के लागतात. त्याच्या खाली गेलं तर ९५ पर्सेंटाईल पण कामाचा नाही. एमबीबीएसला पीसीबीत ५० आणि राखीवला ४०. एनआयटीला बारावीत ७५ टक्के, एससी-एसटीला ६५, किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये पाहिजे. म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष नको. कमी पडलेच तर श्रेणीसुधारची परीक्षा देता येते.

२२. ड्रॉप घेऊ का?

सीईटी आणि नीट कितीही वेळा देता येते. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं, ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षात दोनदा. नियमाने अडत नाही, मनाने अडते. अभ्यासच पूर्ण झाला नव्हता, आजारपण आलं, घरात मयत झाली, असं कारण असेल तर एक वर्ष घ्यायला हरकत नाही. पूर्ण अभ्यास करूनही खूप कमी आले असतील तर बीएस्सी, फार्मसी, नर्सिंग याचाही विचार करा. नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. ड्रॉप घेतलाच तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल.

२३. एक जण म्हणते तीन लाख द्या, शासकीय सीट करून देतो.

देऊ नका. शासकीय सीट फक्त मेरिटच्या यादीतून भरते, कोणाच्या हातात नसते. मूळ मार्कशीट आणि टीसी पण अशा माणसाच्या हाती देऊ नका, मग दुसरीकडे ॲडमिशन घेता येत नाही. पैसे गेले असतील तर लाजू नका, पोलिसात जा.

२४. आम्ही गोंदियाचे, पण पोराची दहावी बालाघाटला झाली. महाराष्ट्रात सीट भेटते का?

सीमेवरच्या लोकांचा हा खरा त्रास आहे, तिकडे बालाघाट, इकडे राजुऱ्याकडे तेलंगण. एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाईलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पाहिजे, काही सरकारी नोकरदारांच्या मुलांना सूट आहे, बाकीच्यांना नाही. मग १५ टक्के ऑल इंडिया कोटा राहतो. इंजिनीअरिंगला मात्र रस्ता आहे, आईवडिलांचं किंवा पोराचं महाराष्ट्राचं डोमिसाईल असेल तर टाईप बी मध्ये अर्ज करता येतो. पोरगं अजून आठवी-नववीत असेल आणि डॉक्टर करायचं मनात असेल तर दहावीच्या आधी इकडच्या शाळेत नाव टाका.